वाचकांचे प्रश्न : व्हर्च्युअल मशीनवर देखरेख बसवताना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत एकाच मोठ्या सर्व्हरवर केव्हीएम या आभासी संगणक चालवणाऱ्या सोयीच्या आधारे सहा लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालतात आणि सर्वांवर उबुंटू 22.04 आहे. गेल्या महिन्यात डेटाबेसचे मशीन ऐन कामाच्या वेळी बंद पडले आणि ते आम्हांला काउंटरवर उभ्या असलेल्या खातेदारांकडून कळले. देखरेखीसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, ते कसे बसवावे, आणि त्यासाठी त्याच सर्व्हरवर सातवे मशीन केले तर चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. सातवे मशीन त्याच सर्व्हरवर करू नका. ज्या दिवशी मूळ सर्व्हर बसेल, त्या दिवशी सहा मशीनबरोबर त्यांच्यावर नजर ठेवणारेही बसेल आणि नेमका तोच इशारा आपल्यापर्यंत येणार नाही. कार्यालयातला एखादा जुना पण धडधाकट संगणक वेगळ्या यूपीएसवर लावून त्यावर देखरेखीचा सर्व्हर ठेवा. वीज आणि इंटरनेट दोन्ही जाण्याची शक्यता असेल, तर बाहेर भाड्याने घेतलेल्या एका लहान मशीनवरून दर काही मिनिटांनी आपल्या सर्व्हरची हाक घेण्याची सोय करा. हाक आली नाही तर इशारा त्या बाहेरच्या मशीनने द्यायचा.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत सध्या दोन नावे प्रामुख्याने पुढे येतात. प्रोमिथियसची सुरुवात 2012 मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत झाली. सतत जन्मणाऱ्या आणि नाहीशा होणाऱ्या कंटेनरांच्या, म्हणजे एकेका प्रोग्रामच्या हलक्या वेष्टनांच्या, जगात ते उत्तम चालते, परंतु आलेखांसाठी ग्राफाना आणि इशाऱ्यांसाठी अलर्टमॅनेजर असे दोन सोबती त्याला वेगळे जोडावे लागतात. झॅबिक्सची पहिली सार्वजनिक आवृत्ती 2001 मध्ये आली. ते लाटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी लिहिले. माहिती गोळा करणे, साठवणे, आलेख आणि इशारे हे सगळे त्यात एकाच ठिकाणी आहे आणि परवाना मुक्त आहे. आपली सहा मशीन कायम तीच राहणार आहेत आणि सांभाळणारी माणसे एक-दोन असावीत, म्हणून मी आपल्याला झॅबिक्स सुचवतो.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण त्यात तीन जागी हमखास पाय घसरतो. पहिली जागा आवृत्तीची. उबुंटू 22.04 च्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारात झॅबिक्सची 5.0 ही जुनी आवृत्ती आहे, त्यामुळे झॅबिक्सचे अधिकृत भांडार आधी जोडून मग तेथून 7.0 ही दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती घ्यावी आणि एजंट, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसून तिथली माहिती देणारा लहान प्रोग्राम, देखरेखीच्या सर्व्हरपेक्षा नव्या आवृत्तीचा घालू नये. दुसरी जागा पोर्टची, म्हणजे मशीनशी बोलण्याच्या क्रमांकित दाराची. सर्व्हर एजंटला विचारतो तेव्हा तो एजंटच्या 10050 या पोर्टवर येतो आणि एजंट आपणहून माहिती पाठवतो तेव्हा तो सर्व्हरच्या 10051 वर जातो. मशीनच्या फायरवॉलमध्ये 10050 उघडताना तो फक्त देखरेखीच्या सर्व्हरच्या पत्त्यापुरता उघडा. सगळ्या जगाला उघडलेला पोर्ट पतसंस्थेला परवडणारा नाही. तिसरी जागा क्षुल्लक वाटते, पण ती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे : सेवा सुरू केली जाते, मात्र मशीन रीबूट झाल्यावर ती आपोआप सुरू व्हावी यासाठी सिस्टमडीला, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेला, सांगायचे राहून जाते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अद्ययावत करून मशीन पुन्हा सुरू होते आणि एजंट मात्र झोपलेलाच राहतो.

कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये तीन ओळी पाहाव्यात. 'सर्व्हर' या ओळीत विचारणा करण्याची परवानगी असलेला पत्ता असतो, 'सर्व्हरअॅक्टिव्ह' या ओळीत माहिती कोठे पाठवायची ते असते आणि 'होस्टनेम' या ओळीत मशीनचे नाव असते. हे नाव झॅबिक्सच्या पडद्यावर नोंदवलेल्या नावाशी अक्षरशः, लहान-मोठ्या लिपीसह, जुळले पाहिजे. पॅकेजमधून येणाऱ्या फाइलमध्ये या ओळीवर 'झॅबिक्स सर्व्हर' असे नाव आधीच भरलेले असते. आपण एका मशीनवर एजंट बसवून त्याच्या प्रती काढल्या आणि ही ओळ तशीच राहिली, तर सगळी मशीन एकाच नावाने बोलू लागतात. असा आलेख मी समोर पाहिला आहे : सीपीयूचा वापर एका मिनिटाला 4 टक्के, पुढच्या मिनिटाला 71, पुन्हा 4, असे करवतीचे दात. मशीनमध्ये काहीच बिघडलेले नव्हते. दोन मशीनचे आकडे एकाच रकान्यात पडत होते. ती ओळ पुसून टाकली की एजंट मशीनचे खरे नाव स्वतः घेतो, म्हणून प्रत काढण्यापूर्वी ती पुसावी, मशीनची ओळख ठेवणारी मशीन-आयडीची फाइल रिकामी करावी आणि दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या एसएसएचच्या किल्ल्या नव्याने तयार होतील असे पाहावे.

आता व्हर्च्युअल मशीनचे जे खास दुखणे आहे, त्याकडे वळतो. आतल्या एजंटला आपल्या खोलीपुरतेच दिसते; वाड्याच्या भिंतीला तडा गेला तर ते त्याला कळत नाही. 'टॉप' हा आदेश दिल्यावर सीपीयूच्या ओळीत अगदी शेवटी 'एसटी' या खुणेचा एक आकडा असतो. मशीनला काम करायचे होते, पण मूळ सर्व्हरने सीपीयू दुसऱ्याला दिलेला असल्यामुळे थांबावे लागले, त्या वेळेचे हे प्रमाण. हा आकडा दीर्घकाळ दहाच्या पुढे राहत असेल, तर त्या मशीनवरच्या प्रोग्रामात दोष शोधून उपयोग नाही. एका सर्व्हरवर गर्दी जास्त झाली आहे असे समजावे.

डिस्कचे तर याहून अवघड असते. मशीनला शंभर जीबीची डिस्क दिली, तरी मूळ सर्व्हरवर ती जागा बहुधा वापराप्रमाणेच व्यापली जाते, त्यामुळे सहा मशीनना कबूल केलेल्या जागेची बेरीज प्रत्यक्ष जागेपेक्षा जास्त होऊ शकते. मूळ सर्व्हरची जागा संपली की केव्हीएम लिहायला निघालेल्या मशीनला जागच्या जागी थांबवून ठेवते. आत पाहावे तर चाळीस जीबी मोकळे, आणि थांबलेला एजंट काहीच सांगू शकत नाही. म्हणून एजंट सहा मशीनवर नव्हे, मूळ सर्व्हर धरून सातांवर बसवा आणि प्रत्येकासाठी 'पाच मिनिटे काहीच माहिती आली नाही' हा इशारा लावा. आपल्याकडे गेल्या महिन्यात झालेला प्रकार एवढ्या एका इशाऱ्याने खातेदारांच्या आधी आपल्याला कळला असता.

सगळे बसवून झाले की देखरेखीच्या सर्व्हरवरून 'झॅबिक्स-गेट' हा आदेश वापरून प्रत्येक मशीनला 'एजंट.पिंग' विचारा. उत्तर 1 आले की रस्ता मोकळा आहे. त्यानंतर कामकाज नसलेल्या एखाद्या रविवारी एक मशीन मुद्दाम बंद करून फोनवर संदेश येतो का आणि किती वेळाने येतो ते पाहा. ही चाचणी केल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नका.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात झॅबिक्स वर्षभर चालू आहे, पण रात्रभर इतके संदेश येतात की आता ते कोणी वाचत नाही. मर्यादा वाढवाव्यात का? — संगणक कक्षाच्या प्रमुख, पणजी

उत्तर : सरसकट मर्यादा वाढवू नका, तसे केल्याने खरा इशाराही उशिरा येईल. 'लांडगा आला रे आला' होण्याचे कारण बहुतेक वेळा मर्यादा नसते, तर क्षणिक आकड्यावर दिलेला इशारा असते. रात्री बॅकअप चालताना सीपीयू 95 टक्क्यांवर जाणे हे त्याचे कामच आहे. तेथे एका क्षणाच्या आकड्याऐवजी पंधरा मिनिटांची सरासरी धरा आणि इशारा मिटण्याची मर्यादा सुरू होण्याच्या मर्यादेपेक्षा खाली ठेवा, म्हणजे आकडा सीमेवर हेलकावत राहिला तरी दर मिनिटाला संदेश सुटणार नाहीत. मूळ सर्व्हर बंद असताना त्यावरच्या मशीनचे संदेश अडवण्यासाठी ट्रिगरमध्ये, म्हणजे इशाऱ्याच्या अटीत, अवलंबित्व नोंदवता येते, तेही करा.

डिस्कसाठी तयार साच्यात 80 आणि 90 टक्के अशा मर्यादा असतात. वीस जीबीच्या डिस्कवर 90 टक्के म्हणजे दोन जीबी शिल्लक आणि ते तासाभरात संपू शकतात. दोन टीबीच्या डिस्कवर तेच 90 टक्के म्हणजे दोनशे जीबी शिल्लक, ज्यासाठी कोणाला झोपेतून उठवण्याचे कारण नाही. तेथे 'टाइमलेफ्ट' हे फंक्शन वापरून या वेगाने जागा किती वेळात भरेल ते विचारा आणि एका दिवसापेक्षा कमी उत्तर आले तरच फोन वाजू द्या.

टक्क्यांच्या जोडीला आयनोडवरही, म्हणजे डिस्कवर प्रत्येक फायलीसाठी लागणाऱ्या नोंदींवरही, लक्ष ठेवा. एका संस्थेत मी मध्यरात्री अशाच कामासाठी बसलो होतो. वेबसर्व्हर 'जागा शिल्लक नाही' म्हणत होता आणि डिस्कवरची जागा सांगणारा 'डीएफ' हा आदेश मात्र निम्मी डिस्क मोकळी दाखवत होता. त्याच आदेशाला आयनोड विचारले, तेव्हा शंभर टक्के भरल्याचे दिसले. लॉगिनच्या सत्रांच्या बारीक बारीक फायली कित्येक महिने साचत गेल्या होत्या आणि फायलींची संख्याच संपली होती. त्या रात्री एकही इशारा आला नव्हता, कारण आयनोड मोजण्यास कोणी सांगितलेच नव्हते.

प्रश्न : माझ्या व्हर्च्युअल मशीनला एकच जीबी मेमरी आहे. एजंटमुळे ते मंदावेल का? शिवाय आलेखात मेमरी नेहमी भरलेलीच दिसते. — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : एजंटचा भार किरकोळ आहे, खरा भार देखरेखीच्या सर्व्हरवरील डेटाबेसचा असतो. सात मशीन, प्रत्येकाचे शंभर आकडे आणि दर मिनिटाला एक नोंद असे धरले, तर दिवसाला सुमारे दहा लाख नोंदी होतात. एका नोंदीस साधारण 90 बाइट लागतात, म्हणजे दिवसाला 90 एमबी आणि 31 दिवसांचा इतिहास ठेवला तर पावणेतीन जीबीच्या आसपास. म्हणून एक जीबीच्या मशीनवर एजंट खुशाल ठेवा, सर्व्हर मात्र ठेवू नका.

मेमरी भरलेली दिसते, कारण लिनक्स रिकामी मेमरी पडून राहू देत नाही; वाचलेल्या फायली तो तेथे तात्पुरत्या धरून ठेवतो आणि प्रोग्रामला गरज पडताच ती जागा सोडतो. आलेखात 'फ्री'ऐवजी 'अव्हेलेबल' हा आकडा घ्या. 2014 मधील 3.14 या आवृत्तीपासून कर्नल स्वतःच तो काढून देतो. तो सतत शंभर एमबीच्या खाली राहू लागला आणि त्याच वेळी स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कच्या भागात, ये-जा वाढलेली दिसली, तर मात्र मशीनला आणखी मेमरी द्यावी.