सकाळचं रक्त, दुपारचं रक्त : हाडं-सांध्यांच्या चाचण्यांविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझं वय ६१. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांशी तुलना) उणे २.८, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या टप्प्यात आला म्हणून हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची बिस्फॉस्फोनेटची गोळी सुरू झाली. त्याआधी सकाळी ८ वाजता उपाशीपोटी केलेला सीटीएक्स (हाडांच्या झिजेची रक्तचाचणी) ६२० होता. तीन महिन्यांनी दुपारी जेवून गेले आणि पुन्हा केला, तर ४१०. औषध लागू पडलं असं समजू का? आणि डेक्साच पुन्हा का करत नाहीत?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. डेक्सा हाडातला खनिजांचा साठा मोजतो आणि हा साठा फार सावकाश बदलतो. तीन महिन्यांत दिसलेला फरक खरा की मोजणीतला, हे सांगता येत नाही. त्यासाठी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं. सीटीएक्स साठा नाही, झीज किती वेगाने चालली आहे ते सांगतो. आपलं हाड सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. त्याच्या सेंद्रिय भागापैकी सुमारे ९० टक्के म्हणजे टाइप-१ कोलॅजेन. हाड कुरतडलं गेलं की या कोलॅजेनचे तुकडे रक्तात उतरतात, तो सीटीएक्स. नवं कोलॅजेन रचताना त्याची टोकं छाटली जातात, त्यांतलं एक टोक पी-१-एनपी या चाचणीत मोजतात. म्हणजे एक पाडकामाचा राडारोडा आणि दुसरी बांधकामाची छाटण. २०११ साली अस्थिरोग आणि प्रयोगशाळा या दोन्ही क्षेत्रांतल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी याच दोन चाचण्या प्रमाण म्हणून सुचवल्या.

आता तुमचे आकडे. ६२० वरून ४१०, म्हणजे ३४ टक्क्यांची घट. दिसायला छान आहे, पण मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. सीटीएक्स पहाटे सर्वांत जास्त असतो आणि दुपारपर्यंत बराच उतरतो. जेवणाने तो आणखी खाली येतो. एकही गोळी न घेता, फक्त सकाळऐवजी दुपारी रक्त दिलं तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून पुन्हा करा : सकाळी, उपाशीपोटी, पहिल्यासारख्याच वेळी आणि त्याच प्रयोगशाळेत, कारण पद्धत बदलली की आकडेही बदलतात. त्याच माणसाचा सीटीएक्स काही कारण नसतानाही थोडा वरखाली होतो, त्यामुळे साधारण ३० टक्क्यांच्या आतल्या घटीला मी घट म्हणत नाही. गोळी नीट लागू पडली असेल तर बहुधा तो निम्म्यावर किंवा त्याखाली आलेला दिसतो. पी-१-एनपीला वेळेचं आणि जेवणाचं एवढं सोयरसुतक नसतं. सकाळी जाणं शक्यच नसेल तर तो करून घ्या.

सकाळचा आकडाही खाली आला नाही, तर औषध बदलण्याची घाई नको. मी आधी विचारतो, गोळी घेता कशी? ही गोळी रिकाम्या पोटी घेतली तरी तिचा १ टक्काही रक्तात उतरत नाही. दूध, कॉफी किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर जवळजवळ शून्यच. साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास काही खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. ‘घेते की नेमाने’ म्हणणाऱ्या कितीतरी जणींची गाडी इथेच अडलेली असते. गेल्या काही महिन्यांत कुठलं हाड मोडलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण जुळणारं हाड हे आकडे वर्षभरही चढे ठेवू शकतं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर सीटीएक्स रक्तात साचतो, मग त्याचा अर्थ लावणंच कठीण. आणि केसांसाठी बायोटिनच्या जोरकस गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नका. काही पद्धतींत त्यामुळे सीटीएक्स खोटाच कमी आणि ड जीवनसत्त्व खोटंच जास्त दिसतं.

प्रश्न : रक्तातलं कॅल्शियम अगदी नॉर्मल आहे. म्हणजे हाडं मजबूत ना?

उत्तर : नाही. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तात जे चिमूटभर असतं त्याच्यावर हृदय आणि नसा चालतात, म्हणून शरीर ते ढळू देत नाही. कमी पडायला लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढून रक्तात आणते. घरातलं सोनं मोडून रोजचा खर्च चालवावा तसं हे आहे, खर्चाची वही चोख दिसते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याच्या आजारात, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांत आणि यकृतात तयार होणारं एन्झाइम) बहुधा तिन्ही नॉर्मलच असतात.

मग या चाचण्या करतात कशाला? ऑस्टिओपोरोसिसच्या वेशात दुसरंच काही आलं नाही ना, हे पाहायला. कॅल्शियम-फॉस्फरस कमी आणि अल्कलाइन फॉस्फटेज जास्त असेल तर ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ झाल्याचा, म्हणजे ऑस्टिओमलेशियाचा संशय येतो. कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन दोन्ही वाढलेले असतील तर दोष बहुधा त्या ग्रंथीत. उतारवयात पाठदुखी, रक्तक्षय, चढा ईएसआर (दाहाची रक्तचाचणी) आणि वाढलेलं कॅल्शियम एकत्र दिसलं तर मायलोमा हा रक्ताचा कर्करोग नाही ना, याची खात्री केल्याशिवाय मी पुढे जात नाही. ड जीवनसत्त्व तपासताना ‘२५-हायड्रॉक्सी’ हाच प्रकार मागा. दुसरा, १,२५ नावाचा, कमतरता असतानाही नॉर्मल दिसू शकतो.

प्रश्न : १४ वर्षांच्या मुलाचं अल्कलाइन फॉस्फटेज ३६०. रिपोर्टवर लाल खूण आहे. यकृताचा आजार असेल का?

उत्तर : त्याची उंची वाढते आहे, दुसरं काही नाही. वाढत्या हाडांतून हे एन्झाइम जास्त येतं. रिपोर्टवरची मर्यादा मोठ्यांची आहे. फारच शंका वाटली तर जीजीटी हे यकृताचं एन्झाइम तपासा. ते नॉर्मल असेल तर यकृताला दोष देऊ नका.

प्रश्न : हेल्थ पॅकेजमध्ये आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला. सांधे मुळीच दुखत नाहीत. मला आमवात (रूमेटॉइड आर्थ्रायटिस) होणार का?

उत्तर : ही चाचणी पॅकेजमध्ये असूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आरए फॅक्टर हेपटायटिस-सीमध्ये, शोग्रेन सिंड्रोममध्ये (डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार) आणि काही ठणठणीत माणसांतही, विशेषतः उतारवयात, पॉझिटिव्ह येतो. उलट आमवात असलेल्या बऱ्याच जणांत तो निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी अधिक नेमकी चाचणी आहे आणि ती कधीकधी दुखणं सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी पॉझिटिव्ह येते. तरीही निदान होतं ते सुजलेल्या सांध्यांवरून. आमवात ठरवण्याच्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत रक्तातल्या या दोन चाचण्यांना मिळून १० पैकी जास्तीत जास्त ३ गुण आहेत आणि निदानाला ६ लागतात. शिवाय सांध्याला सूज असल्याशिवाय हे निकष लावायचेच नसतात. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहू लागली, सुजली, तर लगेच दाखवा. एरवी दर सहा महिन्यांनी आरए फॅक्टर करत बसू नका. आमवात असलेल्यांतही आजाराचा चढउतार बघायला सीआरपी आणि ईएसआर या दाहाच्या चाचण्या लागतात. त्यांतही सीआरपी चपळ. दाह ओसरला की काही दिवसांत उतरतो, ईएसआर मात्र आठवडे रेंगाळतो, आणि वय किंवा रक्तक्षय यांनीही चढतो.

प्रश्न : रात्रीत पायाचा अंगठा लालबुंद सुजला, चादरीचा स्पर्श सहन होईना. पण युरिक अ‍ॅसिड ५.९. मग गाउट, म्हणजे युरिक अॅसिडच्या स्फटिकांनी सांधा सुजणं, नाही?

उत्तर : वर्णन तर पुस्तकातल्यासारखं गाउटचंच आहे. ऐन झटक्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल दिसणं नवीन नाही. दाह चालू असताना मूत्रपिंडं ते जास्त बाहेर टाकतात. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. दर १०० मिलिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर ते रक्तात विरघळून राहू शकत नाही, म्हणून उपचारात ते ६ च्या खाली ठेवतात. खात्रीच हवी तर सांध्यातलं पाणी सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. सुईसारखे टोकदार स्फटिक दिसले की युरेट, म्हणजे युरिक अॅसिडचे. आखूड, चौकटीसारखे दिसले तर कॅल्शियम पायरोफॉस्फेट, तो आजार वेगळा. ताप असेल तर मात्र थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो आणि तेव्हा ते पाणी त्याच दिवशी काढायला हवं.

प्रश्न : गुडघ्याची कूर्चा किती झिजली हे रक्तातून कळतं का?

उत्तर : रोजच्या उपचारात उपयोगी पडेल असं नाही. कूर्चेच्या टाइप-२ कोलॅजेनचे तुकडे लघवीत, आणि कॉम्प नावाचं प्रथिन रक्तात मोजता येतं. पण आकडा आला तरी तो कुठल्या सांध्यातून आला हे कळत नाही, आणि त्यावरून उपचारही बदलत नाहीत. त्यांचा वापर संशोधनातच होतो. तुमच्या गुडघ्यासाठी तपासणारा हात आणि उभं राहून काढलेला एक्स-रे पुरेसा आहे.