कातीवरून मण्यार की कवड्या, हे कसं ओळखायचं?

माळ्यावर काळपट कात सापडली, त्यावर पुसट पट्टे आहेत, तर साप विषारी मण्यार की तसाच दिसणारा बिनविषारी कवड्या, असं तुम्ही विचारलंय. पट्ट्यांवर जाऊ नका. मण्यारचे पट्टे शेपटीकडे ठळक होतात, कवड्याचे मानेकडे, हे खरं. पण कातीत रंग उतरतो आणि काही मण्यारांना पट्टे जवळपास नसतातच. निकाल खवले देतात.

कात कोमट पाण्यात भिजवून मऊ करा आणि गडद कागदावर हलक्या हाताने पसरा. ती बहुतेक वेळा मोजा उलटा निघावा तशी उलटी निघालेली असते, आणि ताणली गेल्यामुळे सापापेक्षा लांब भरते. त्यामुळे लांबीवरून काही ठरवू नका.

आधी पाठीचा कणा बघा. मण्यारच्या कण्यावरची मधली ओळ शेजारच्या खवल्यांपेक्षा स्पष्ट मोठी आणि षटकोनी असते. कवड्याची मधली ओळ बाकीच्यांसारखीच. मग कात उलथून गुदद्वाराच्या मागचा शेपटीचा भाग पाहा: मण्यारमध्ये तिथले खवले अखंड, एका ओळीत, कवड्यात मधोमध दुभागलेले, म्हणजे जोड्या.

या दोन्ही खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत, आणि लोक चुकतात ते इथेच. रुका सापाच्याही कण्यावरचे खवले मोठे असतात, पण त्याच्या शेपटीखाली जोड्या. उलट दुरक्या घोणस बिनविषारी, तरी शेपटीखालचे खवले अखंड. फुरशाचेही अखंडच, मात्र त्याच्या पाठीच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध खरखरीत उंचवट्याची रेघ असते, मण्यारचे खवले गुळगुळीत.

ओळी मोजायच्या तर शरीराच्या मध्यावर, पोटाचे रुंद खवले सोडून, तिरप्या रेषेत मोजा. मानेजवळ आणि शेपटीजवळ आकडा बदलतो. मण्यारमध्ये बहुधा 15, कवड्यात 17. मण्यारमध्येही कधी 17 भरतात, म्हणून हा आकडा फक्त दुजोरा समजा. शेपटीचा तुकडाच गहाळ असेल तर मी कण्याच्या एका खुणेवर नाव सांगणार नाही.

हे सगळं कातीपुरतं. जिवंत साप दिसला तर लांबून फोटो काढा आणि सर्पमित्राला बोलवा. चावा झाला असेल तर ओळख पटवत बसू नका: मण्यारच्या चाव्याला अनेकदा ना वेदना असते ना सूज, आणि भारतात मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच आहे. थेट रुग्णालय गाठा.