घरी थेरपी किती तास आणि कोणत्या भाषेत?

ताई, आपला अडीच वर्षांचा मुलगा विकासातील विलंबासाठी आठवड्यातून दोनदा थेरपीला जातो, तरी घरी त्याला रोज किती तास बसवायचे आणि त्याच्याशी मराठी बोलणे बंद करायचे का, असे आपण विचारले आहे. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि इंदूरलाच आम्ही या सगळ्यातून गेलो आहोत, म्हणून सविस्तर लिहिते.

कानांची तपासणी झाली नसेल, तर आधी ती करून घ्या. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी बेरा चाचणी मूल झोपलेले असताना होते, त्यामुळे ते बोलत नसले तरी अडत नाही.

तासांचे म्हणाल, तर आम्ही पहिले चार महिने मुलीला रोज दीड तास टेबलाशी बसवले. ती रडायची आणि मीही. पुढे एका थेरपिस्टबाईंनी हा सराव आंघोळ, कपडे, जेवण यांतच करायला सांगितला आणि घर निवळले. सकाळचे पोहे घ्या. वाटीत दोनच चमचे वाढा, शेवेची बरणी त्याला दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि थांबा. हे थांबणेच आपल्याला सर्वांत जड जाते. मनात दहापर्यंत मोजा. त्याने बरणीकडे पाहून आपल्याकडे पाहिले, हात पुढे केला किंवा नुसते ‘शे’ म्हटले, तरी लगेच “शेव! शेव हवी” म्हणत शेव द्या. “आधी शेव म्हण, मग देते” असे मात्र करू नका, कारण त्याने जेवणाची वेळच भांडणाची होते. पायजमा आपण कमरेपर्यंत चढवावा आणि शेवटचे ओढणे तेवढे त्याच्यासाठी ठेवावे. ते जमले की पुढे गुडघ्यापासून. एका वेळी दोनच गोष्टी घ्या, आणि त्या थेरपिस्टकडून ठरवून घ्या. स्नायू ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने हातात हात धरून दाखवल्याशिवाय करू नका.

मराठी मुळीच सोडू नका. आम्हालाही एका केंद्रात “घर पर सिर्फ हिंदी बोलिए” असे सांगितले होते. माझ्या सासूबाईंना हिंदी उत्तम येते, पण नातीला जोजवण्याची आणि लटके रागावण्याची त्यांची भाषा मराठीच. त्या तिच्याशी जवळजवळ गप्प झाल्या, आणि ते महिने गेले याचे मला आजही वाईट वाटते. दोन भाषा कानांवर पडल्याने बोलण्यात विलंब होत नाही, हे डाउन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्या मुलांच्या अभ्यासांतही दिसले आहे. त्याला येणारे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरा: ‘चिऊ’ही आणि ‘चिड़िया’ही.

खर्च झेपत नसेल, तर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची, म्हणजे मुलांच्या विकासातील अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रांची, तरतूद आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि येत असलेले शब्द किंवा हालचाली मुलगा विसरू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.