आर्किटेक्चरच्या ज्युरीत डिझाइन डिफेंड कसं करायचं? (तिसरं वर्ष, वाचनालयाचा प्रोजेक्ट, समोर गेलं की बोलतीच बंद होते)

मी पुण्यात प्रॅक्टिस करतो आणि अधूनमधून एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) म्हणून ज्युरीला, म्हणजे विद्यार्थी परीक्षकांसमोर डिझाइन मांडतात तिथे, बसतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो.

कन्सेप्टने सुरुवात करू नकोस. उमलणाऱ्या पाकळ्या, ज्ञानाचा वृक्ष हे सकाळपासून सगळ्यांनी ऐकवलेलं असतं. सरळ साइट प्लॅनवर बोट ठेव, रस्ता इथे, गेट इथे, उत्तर इकडे, म्हणून बिल्डिंग अशी वळवली. (उत्तरेचा बाण काढ रे बाबा, कितीतरी जणांचा राहतो.)

आम्ही काय करतो माहितीये का, बोटाने तुझ्या प्लॅनमध्ये चालायला लागतो. गेटमधून आलो, पाऊस आहे, छत्री कुठे ठेवू, चप्पल कुठे काढू, व्हीलचेअरवरच्या आजी आत कशा येणार? इथे "सर, रॅम्प देता येईल" म्हटलंस की खेळ खल्लास, कारण प्लिंथ (जोतं) ४५० मिमी उंच असेल तर १:१२ ने (एक चढायला बारा लांबी) नुसता रॅम्पच ५.४ मीटर होतो, लँडिंग (थांबायची सपाट जागा) वेगळं, आणि तेवढी जागा तुझ्या एंट्रन्सला नाहीये हे समोरच्याला लगेच दिसतं.

रीडिंग रूमला पश्चिमेकडून फुल काच असेल तर हमखास पकडणार. व्ह्यूसाठी ठेवली म्हण, चालतं, पण मग सेक्शन (बिल्डिंगचा उभा छेद) दाखव, आणि त्यात नुसता छज्जा नको, कारण चार-पाच वाजताचं ऊन तिरपं त्याच्या खालून आत येतं, तिथे उभे फिन्स (काचेबाहेरच्या उभ्या पट्ट्या) किंवा जाळी लागते.

आणि डिफेंड करणं म्हणजे प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालणं नाही. टॉयलेटचं दार रीडिंग रूमकडे उघडतंय म्हणाले तर "हो, बदलतो" म्हणून पुढे चल. पण मधला चौक तुझ्या डिझाइनचा जीव असेल तर तिथे अजिबात माघार घेऊ नकोस. "एवढा एरिया वाया कशाला?" आलं की तो काढला तर काय बिघडतं ते सांग: आतल्या रॅकांपर्यंत उजेड पोचणार नाही, भर दुपारी लाइट लावावे लागतील, वारा खेळणार नाही. "मला छान वाटलं" हे उत्तर मात्र देऊ नकोस, त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

कमेंट्स लिहून घ्यायला एक मित्र मागे उभा कर, टेन्शनमध्ये निम्मं डोक्यात शिरत नाही. आणि मधेच दोन ज्युरर तुझ्या शीटवरून आपापसात जुंपले तर मध्ये पडू नकोस, भांडू दे, तेवढाच तुझा वेळ जातो.