परीक्षक मंडळाला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

कथास्पर्धेचे परीक्षक, पीएचडीची तोंडी परीक्षा घेणारे आणि कोर्टातले ज्युरी, तिघांनाही ‘खुरादो’ म्हटलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याला आणि तिसऱ्याला बिनधास्त चालेल. मधल्याचं मात्र देशावर आहे.

स्पेनमध्ये प्रबंध तपासणारे ‘त्रिबुनाल’. सरकारी नोकरीच्या परीक्षेला, म्हणजे ‘ओपोसिसिओनेस’ना, बसलेला उमेदवारही त्रिबुनालसमोरच जातो. आपल्याला या शब्दात न्यायालयाचा वास येतो, तिथे कुणाला येत नाही. अर्जेंटिना, कोलंबियात प्रबंधालाही ‘खुरादो’ म्हणतात आणि मेक्सिकोत परीक्षकाला ‘सिनोदाल’. कोलंबियात तर मतदान केंद्रावर बसणारे नागरिकसुद्धा ‘खुरादो दे बोतासिओन’! निवाडा कसला, मतं मोजायची.

स्पेनच्या कोर्टात मजा आहे. 1995 च्या कायद्याने ज्युरी परत आली, तिचं अधिकृत नाव ‘त्रिबुनाल देल खुरादो’, दोन्ही शब्द एकत्र. 9 नागरिक आणि त्यांच्यावर एक न्यायाधीश. दोषी ठरवायला 7 मतं लागतात. ज्युरी देते तो ‘बेरेदिक्तो’; शिक्षेसकट निकालपत्र, म्हणजे ‘सेन्तेन्सिया’, न्यायाधीश लिहितो. साहित्य पुरस्काराच्या खुरादोचा निर्णय मात्र ‘फाय्यो’. (याच शब्दाचा दुसरा अर्थ बिघाड. विजेते न ठरलेल्यांना तो जास्त पटत असावा.)

पण नावावरून काम ओळखायला जाऊ नका. स्पेनमधल्या वालेन्सियात कालव्याच्या पाण्याचे तंटे सोडवणारं ‘त्रिबुनाल दे लास आग्वास’ दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात बसतं: 8 कालव्यांचे 8 प्रतिनिधी, सगळा कारभार तोंडी. मुर्सियात हेच काम करणाऱ्यांचं नाव ‘कोन्सेखो दे ओम्ब्रेस ब्वेनोस’, भल्या माणसांची परिषद. आपल्या पंचांच्या जवळ जाणारं. 2009 मध्ये युनेस्कोने दोघांनाही एकत्रच अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे ‘कोन्सेखो’ नुसता सल्ला देतो, हे पुस्तकी गणित इथे कोलमडतं.

‘कोन्सेखो’ लिहिताना एस आणि सी सांभाळा. एसवाला (consejo) म्हणजे मंडळ किंवा परिषद, मंत्रिमंडळसुद्धा, सीवाला (concejo) नगरपालिकेचा. लॅटिन अमेरिकेत उच्चार एकच असल्याने तिथल्या लोकांचीही गल्लत होते.

बाकीचं थोडक्यात. नेमून दिलेलं काम करून अहवाल देणारी ती बहुधा ‘कोमिसिओन’. संस्थेच्या आतली, चालू कामकाजाची ती ‘कोमिते’. ‘खुन्ता’ जपून वापरा: स्पेनच्या आन्दालुसिया प्रांतात ते प्रांतिक सरकार, सोसायटीत मालकांची सभा, मेक्सिकोच्या ऑफिसात साधी मीटिंग आणि बातम्यांत लष्करी राजवट.

क्रियापद एकवचनी ठेवा, ‘एल खुरादो देसिदिओ’. आदर म्हणून मराठीसारखं अनेकवचन करू नका. सदस्यच दाखवायचे असतील तर ‘लोस मिएम्ब्रोस देल खुरादो’ लिहा.

तुमचं विद्यापीठ सालामांकाचं, म्हणजे स्पेनचं आहे, तेव्हा सीव्हीत ‘त्रिबुनाल दे तेसिस’ लिहा.