पेरणीआधी जीए फवारून तण उगवून घेण्याबद्दल

दादा, डिचोलीतल्या शेतात पेरणीआधी जिब्रेलिक आम्ल (जीए, झाडाची वाढ चालवणारं संजीवक) फवारायचं, पाखडाचं (भातात तण म्हणून येणाऱ्या रानटी भाताचं) सगळं बी एकदम उगवून घ्यायचं आणि मग मारायचं, हा तुमचा बेत वाचून पोटात गोळा आला. सात वर्षांपूर्वी पेडण्यात मी हेच केलं होतं.

तत्त्व खोटं नाही. अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संजीवक बियाला निजवून ठेवतं, जिब्रेलिन (जीए त्यातलंच) उठवतं. पण सगळ्या तणांवर ते सारखं चालत नाही, आणि फवारलेलं पाणी वरच्या थरातच राहतं. खोल गाडलेल्या बियाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या वेळी एका कचेरीत मी तीन खेपा घातल्या. 'मारा, उगवेल' एवढंच उत्तर! तण कुठलं, बी किती खोल, एक प्रश्न कोणी विचारला नाही. तो राग अजून आहे.

सगळ्यात महागात पडली ती पुढची चूक. वरचं थोडं उगवलं, ते मारायला मी पॉवर टिलर खोल घातला. खालचं बी वर आलं, त्याला उजेड मिळाला आणि भात पेरल्यावर पंधरा दिवसांत पाखडाने शेत झाकलं. बेणणीला माणसं मिळाली नाहीत. त्या वर्षीचं सरद (पावसाळी) पीक गेलंच.

घरी बशीत करून पाहा. चतुर्थीनंतर झडलेलं ताजं पाखड मी ओल्या टिपकागदावर ठेवलं, तर शंभरांतली चारच फुटली. तेच बी कोरड्या डब्यात ठेवून शिगम्यानंतर भिजवलं, तेव्हा निम्म्याहून जास्त फुटली. उन्हाळ्यात बियाची झोप आपोआप मोडते, त्यासाठी औषधाला पैसे कशाला?

संजीवकाने शेतातलं बी फसवता आलं ते टारफुल्याचं, म्हणजे मक्या-ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचं. अमेरिकेत कॅरोलिनाकडे जमिनीत इथिलीन हा संजीवक वायू सोडत. बी फुटायचं, पण जवळ मक्याचं मूळ नसल्याने उपाशी मरायचं. वायू मातीत शिरतो, फवारणी शिरत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या पावसावर तण येऊ द्या, दहा-बारा दिवस थांबा, मग दोन बोटंच माती हलवून मारा. वेळ असेल तर पुन्हा एकदा. मी शास्त्रज्ञ नव्हे, आणि खाजणातल्या खाऱ्या जमिनीचं मला ठाऊक नाही.

तरीही जीए वापरणारच असाल, तर पूड थेट पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा. आंब्याच्या कलमांना पॅक्लोब्युट्राझोल ओतलेली बादली मात्र घेऊ नका. ते झाडात जिब्रेलिन तयार होणंच अडवतं.