वेलांटी पळते कुठे? फॉन्टबद्दल वाचकांचे प्रश्न

ताई, माझं सांगलीत फ्लेक्सचं दुकान आहे. इलस्ट्रेटरमध्ये मराठी पेस्ट केलं की वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पण फुटतात, 'शिवजयंती'चं पार वाटोळं होतं. फॉन्ट बदलून बदलून थकलो. एखादा चांगला फॉन्ट सांगा ना.

दादा, फॉन्टच्या मागे लागू नका. तोच मजकूर कस्टमरच्या व्हॉट्सॲपवर नीट दिसतोय ना, मग मजकुरात काही खोट नाही. युनिकोडमध्ये (म्हणजे कॉम्प्युटर-मोबाइलवर अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) आधी श आणि मग वेलांटी असं साठवलेलं असतं आणि दाखवताना ती वेलांटी उचलून श च्या आधी नेऊन ठेवायची ही हमाली सॉफ्टवेअरने करायची असते, पण इलस्ट्रेटर बनवणाऱ्या अडोबीचं नेहमीचं कंपोझर, म्हणजे अक्षरं-ओळी जुळवणारी यंत्रणा, इंग्रजीच्या हिशोबाने चालतं, त्याला हे कामच माहीत नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स'वर टिक करा, मग सगळा मजकूर सिलेक्ट करून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन'वालं कंपोझर निवडा. वेलांटी जागेवर येते. अडोबीच्याच इनडिझाइनमध्ये यालाच 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर म्हणतात. आणि प्रिंटला देताना आउटलाइन करता (अक्षरांचे नुसते आकार होतात, मजकूर बदलता येत नाही) ते फाइलच्या कॉपीवर करा, नाहीतर पुढच्या वर्षी मंडळवाले फक्त तारीख बदलायला आले की अख्खं बॅनर परत टाइप करत बसाल.

आमच्या संस्थेच्या जुन्या स्मरणिकेच्या फाइल्स श्रीलिपीत आहेत. नव्या कॉम्प्युटरवर उघडलं तर नुसती एबीसीडी आणि कसली कसली चिन्हं दिसतात. फाइल करप्ट झाली का? – कोल्हापूर

नाही हो, फाइल ठणठणीत आहे. श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकचे डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खणात मराठी आकार बसवून चालायचे. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करत होतात, वरून चेहरा मराठी. फॉन्ट काढला की चेहरा गेला. त्यात प्रत्येकाचे खण वेगळे, म्हणून कृतिदेवचा मजकूर सिलेक्ट करून श्रीलिपीचा फॉन्ट लावला तर भलतंच काहीतरी उमटतं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरी आपले डीटीपीवाले त्यानंतर कितीतरी वर्षं जुन्यालाच धरून बसले, त्याला कारण होतं, वरच्या प्रश्नातली वेलांटीची भानगड तेव्हाच्या पेजमेकर, कोरल या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडला सुटतच नव्हती आणि या फॉन्टमध्ये ती निमूट जागेवर बसायची.

आता काय करायचं, तर फाइल नेमक्या कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते आधी शोधा (नुसतं 'श्रीलिपी' म्हणून भागत नाही, तिच्यातही वेगवेगळे लेआउट आहेत), त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर घ्या आणि मजकूर युनिकोडमध्ये आणा. मग मुद्रितशोधन कराच. मशीन रफार आणि अर्ध्या अक्षरांत गडबड करतं, 'कार्य', 'पूर्वार्ध', 'बिचाऱ्या' असले शब्द मुद्दाम बघा. 'बिचाऱ्या'चा 'बिचार्या' झालेला असला तर र च्या जागी नुक्त्याचा ऱ घालायचा, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे. एवढं झालं की मजकूर सर्चमध्ये सापडतो, मोबाइलवर वाचता येतो. जुनी फाइल मात्र फेकू नका.

आमच्या शाळेच्या वेबसाइटवर ल आणि श हिंदीसारखे दिसतात. पालक नावं ठेवतात. – नाशिक

पालकांचं बरोबर आहे. आपल्या ल ला उजवीकडे उभा दांडा नसतो, मधला देठ आणि दोन्ही बाजूंना पाकळ्या असतात. राज्य सरकारने २००९ मध्ये वर्णमालेचा जीआर काढला, २०२२ मध्ये सुधारून परत काढला, आणि तरी शाळांच्याच साइटवर हिंदी ल दिसतो म्हणजे कमाल आहे!

गंमत म्हणजे बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही ल आत असतात, भाषा मराठी आहे हे कोणी सांगितलं तरच मराठी वळणाचा बाहेर येतो. साइट बनवणाऱ्याला सांगा, पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेचा कोड 'एमआर' टाक. बहुतेकांनी तो इंग्रजीचा 'ईएन' तसाच ठेवलेला असतो. नोटो सान्स देवनागरीला एवढं पुरतं. नाहीच जमलं तर गूगल फॉन्ट्सवर 'टिरो देवनागरी मराठी' फुकट आहे, त्यात मराठी वळण मुळातच आहे, कोणाला काही सांगावं लागत नाही. फक्त तो पुस्तकी वळणाचा आहे, परिपत्रकं-सूचनांना शोभतो, बटणं आणि मेनूला मी तरी लावणार नाही.

मुंजीची पत्रिका करतेय. नावाच्या अक्षरांत स्पेसिंग वाढवलं की छान श्रीमंत लुक येतो, पण वरची रेघ तुटते. उपाय? – पुणे

स्पेसिंग शून्यावर आणा. तो लुक इंग्रजी कॅपिटल्सचा, देवनागरीत शिरोरेखा तुटली की शब्दच विस्कटतो. मोकळेपणा हवाय ना, मग नाव मोठं करा, आजूबाजूला जागा सोडा आणि दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीला ठेवता त्यापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांमध्ये घुसतात. 'यात्रा वन' फॉन्ट लावून बघा, मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, नावाला झकास दिसतो. खालचा मुहूर्त आणि पत्ता मात्र 'मुक्त' नावाच्या साध्या फॉन्टमध्येच ठेवा, आजी-आजोबांना चष्मा शोधायला लावू नका.